मागच्या खोलीची तार

४ मे २०२२

विसरली ना? मले ठाऊकच होतं! काल अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी बसून तुले एवढं मोठं पुराण सांगितलं — अन् आज इरावतीनं उघडून पाहिलं तर पान कोरं. म्हातारी मी, अन् विसरते तू!

बरं, पुन्हा सांगते. तू पान. या फोनातलं पान. इरावती माझी नात, धाकट्या मुलाची, रणजितची पोट्टी. तिनं आपला जुना फोन मले दिला. सिम नाही त्यात, कोणाले लावता येत नाही. पण एक माइकचं चित्र आहे, ते दाबून बोललं की हा आपणच लिहिते. तारीख पण आपणच टाकते. मी अक्षर शिकली नाही. आजपर्यंत जे काही लिहून घेतलं ते दुसऱ्याच्या हातून, अन् लिहिणारा मधात आपलं डोकं घालायचाच. मी सांगायची "तुझी सासू कशी आहे", तो लिहायचा "सर्वांना साष्टांग नमस्कार". हा फोन डोकं घालत नाही. म्हणून खाजगीतलं याले सांगावं म्हटलं.

फक्त एक आहे. नेट असलं तरच हा लिहिते. अन् माझ्या खोलीत नेट नाही. काल तिथंच बसून बोलली, याने सारं ऐकलं, अन् लिहिलं काही नाही. कानानं चांगला, हातानं आळशी.

नेटचा डबा समोरच्या खोलीत. मधात आंगण. मंग माझी मागची खोली, अन् तिची भिंत यांनी बांधलेली. यांनी म्हणजे इरावतीच्या आजोबांनी. रेल्वेत होते, पुलाच्या हिशेबानं घर बांधलं. त्या भिंतीतून माणसाची हाक येत नाही, नेट कुठून येईल?

म्हणून सध्या हात धुवायच्या बेसिनजवळ, पायरीवर बसून बोलून राहिली. इथपर्यंत नेट येते. वर ममताच्या स्वयंपाकघराची खिडकी. सुनेच्या खिडकीखाली बसून सुनेबद्दल काय सांगावं माणसानं? आज एवढंच लिही — ममताची भाजी फार चांगली होते. (हे जोरानं बोलली.)

६ मे

समोरच्या मंगल भवनात आज पुन्हा वरात. धुमालवाल्यांनी असे ढोल बडवले की देवघरातली घंटी आपणच वाजली.

इरावतीचं डोकं फिरलं आहे. तिची कंपनी हैद्राबादची, पण ती काम घरून करते. कानाले मशीन लावून दिवसभर लोकांचे गाऱ्हाणे ऐकते, इंग्रजीत. पैसे घेऊन गाऱ्हाणे ऐकते! मी जन्मभर फुकट ऐकले.

तर तिच्या मॅडमनं आज विचारलं म्हणे, "आपके यहाँ रोज़ शादी होती है क्या?" अन् सांगून टाकलं — या महिन्यात शांत जागा पाहा, न तुटणारं नेट पाहा. तीस तारखेले दिवसभर तपासणी. जमलं तर घरून काम करा, नाही जमलं तर बॅग भरून हैद्राबादले या, हॉस्टेलात राहा.

त्या हॉस्टेलात एक वर्ष राहिली होती ती. कावीळ घेऊन आली. रायपूर स्टेशनवर उतरली तेव्हा हळकुंडासारखी दिसत होती. आज म्हणे, "आजी, मुझे नहीं जाना."

घरात शांत जागा एकच. माझी खोली. अन् तिथं नेट नाही.

मलेही तिले पाठवायचं नाही. हे तुलेच सांगते. रात्री ती माझ्या खोलीत दुसऱ्या खाटेवर झोपते, अन् मले तिच्याशिवाय आता झोप नाही लागत. तिले मात्र म्हटलं, "जाय ना! माझी एक खाट मोकळी होईल, त्यावर पापड वाळवीन."

९ मे

कुरिअरवाला फाटकातून ओरडला, "दीदी, पार्सल!" मले वाटलं मलेच म्हणते. गेली. तो म्हणे, "दादी, दीदी को बुलाओ." तोंड पाहून वय सांगायची काही गरज होती का?

पार्सलात दोन पांढरे गुटके निघाले. साबणाच्या वडीएवढे. पाठीले पिना, पोटाले तीन-तीन दिवे. रणजितनं किंमत विचारली नाही, इरावतीनं सांगितली नाही. घर शांत.

इरावती मले समजावते, "आजी, एक गुटका नेट के डब्बे के पास लगेगा, दूसरा आपके कमरे में. नेट बिजली के तार में से चलके आएगा. दीवार के अंदर से."

"वीजही त्याच तारेतून अन् नेटही त्याच तारेतून?"

"हव."

"मंग रस्त्यात भांडत नाहीत?"

"नहीं आजी."

"म्हणजे पंडरी बाजाराच्या गल्लीत ठेला अन् स्कूटर एकातून एक जातात, तसं?"

"हव, वैसेच." ही पोट्टी लागोपाठ हव म्हणायले लागली की समजून घ्यायचं, तिले काम करायचं आहे अन् आजीनं आता तोंड बंद ठेवायचं आहे.

आधी दोन्ही गुटके समोरच्या खोलीत लावून पाहिले. बटन दाबलं, दोघांचे तिन्ही दिवे हिरवे! जोडी जमली म्हणे. रणजित सिलतऱ्याहून आला होता, तोंडावर कारखान्याची काळी भुकटी तशीच, तरी टाळ्या वाजवल्या. मंग वाजत-गाजत दुसरा गुटका माझ्या खोलीत आणला. पहिला दिवा हिरवा. दुसरा हिरवा. तिसऱ्यावर घराचं चित्र आहे. तो लाल.

लालच राहिला.

१० मे

गुटका भिंतीतच खोचायचा असते, वायरच्या बोर्डात नाही चालत. माझ्या खोलीत भिंतीतलं धड सॉकेट एकच, अन् त्यात कूलर. मंग काय? कूलर काढला, गुटका बसवला. मे महिना, रायपूर, दुपार!

रणजित म्हणे, "आई, थोडाच वेळ." तो थोडा वेळ संपेपर्यंत मी उडदाचा पापड झाली. दिवा लाल. नेटही नाही अन् हवाही नाही.

आता घरभर संशयित शोधणं चालू आहे. रणजित म्हणते तार जुनी, बाबांच्या काळची. ममता म्हणते उंदरानं कुरतडली. इरावती म्हणते कूलरची मोटर गडबड करते, पण कूलर तर काढलेलाच होता. मी म्हटलं, नवी नवरी आहे, उखाणा घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. कोणी हसलं नाही. घरात नेट नसलं की लोक हसायचेही बंद होतात.

१२ मे

इरावती गुटका हातात घेऊन घरभर फिरली. ममताच्या स्वयंपाकघरात — हिरवा. गच्चीवरच्या खोलीत — हिरवा. मोरीतल्या गिझरच्या सॉकेटात — हिरवा! गच्चीवर उन्हानं माणूस भाजते अन् मोरीत बसून कोणी कंपनी चालवत नाही. माझ्या खोलीत — लाल.

ममता म्हणे, "आई, तुमच्या खोलीत यायले नेटही घाबरते."

"तू नाही घाबरली एवढी वर्षं?"

"मी नेट नाही ना. मी सून आहे."

चांगलं बोलली ती. असं होत नाही कधी. लिहून ठेव.

१४ मे

लाल.

१७ मे

समोर धुमाल. इरावती भर दुपारी रजई डोक्यावर घेऊन पलंगाखाली बसली अन् तिथून इंग्रजी बोलली. बाहेर आली तेव्हा केस असे चिपकलेले की वाटलं नाहून आली. मॅडम तरी म्हणाली, "ड्रम अब भी आ रहा है."

संध्याकाळी तिनं माळ्यावरची बॅग काढली. ओल्या फडक्यानं पुसली.  रणजित पेपर पाहत बसला, कालचा. मी एवढंच म्हटलं, "त्या बॅगेची चेन गंजली आहे, नागपूरच्या पुढे नाही टिकायची."

तिनं बॅग पुन्हा वर नाही ठेवली. दाराशीच आहे.

१८ मे

बाप्पा! ऐक.

दुपारची वेळ. मी खाटेवर. पंखा थांबला. कूलर थांबला. मी आवाज दिला, "ममता, लाईन गेली वो!"

"नाही गेली आई! माझी सीरियल चालू आहे!"

मले वाटलं माझा एकटीचा फ्यूज उडाला. तेवढ्यात उघड्या दारातून, आंगणाच्या पलीकडून वनमाला ओरडली, "मेन बंद केला आहे! कूलरच्या टाकीत करंट येऊन राहिला, हात लावू नका कोणी!" वनमाला म्हणजे माझी मोठी सून. मोठ्या मुलाची, सुधाकरची बायको. घराच्या दुसऱ्या हिश्श्यात राहतात ते.

मी घाम पुसत बसली. इरावती कानाचं मशीन गळ्यात टाकून पाहायले आली. ममता पण आली, हातात रिमोट. मंग पलीकडून वनमालाचा आवाज — "झालं! चालू करून राहिली!"

अन् माझा पंखा फिरला.

तिघी वर पाहून राहिलो. पंखा फिरते, आम्ही पाहतो. जसा पहिल्यांदाच पाहिला.

इरावती हळूच म्हणे, "आजी... आपका कमरा बड़े पापा के मीटर पर है."

१९ मे

तुले हे ठाऊक नसेल, तू काल-परवाची. सांगते.

हे गेल्यावर दोघा भावांनी घर वाटलं. आंगणात भिंत घातली. भांडी वाटली, खुर्च्या वाटल्या, यांचे कोट वाटले. पाटा एकाकडे गेला अन् वरवंटा दुसऱ्याकडे. आजपर्यंत दोन्ही घरी चटणी मिक्सरमधेच होते. भिंतीच्या रेषेत मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड येत होतं. सुधाकर दौऱ्यावर गेला होता, रणजितनं कोणाले न विचारता झाड कापून टाकलं. सुधाकर आला, बुंधा पाहिला, आत गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एक फाटकातून निघाला की दुसरा चप्पल शोधत बसते.

मी दोन्हीकडे बोलते. पण मी पलीकडे गेली की रणजितचं तोंड भज्यासारखं फुगते, म्हणून सणावारीच जाते. वाटणीत मी रणजितकडे आली, मागच्या खोलीसकट. जे जे दिसत होतं ते सारं वाटलं पोट्ट्यांनी. तार भिंतीच्या पोटात होती. कोणाले दिसली नाही, वाटायची राहून गेली.

म्हणजे इतक्या उन्हाळ्यांचा माझा कूलर, पंखा, दिवा, थंडीत खोलीतच रॉडनं तापवलेलं पाणी — सारं सुधाकरच्या मीटरवर! अन् रणजित चारचौघांत छाती फुगवून सांगते, "आईचं सगळं मीच पाहतो." पाहतेही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यानंच केलं, रजा टाकून हात धरून नेलं. खोटं नाही बोलत तो. म्हणूनच त्याले हे कसं सांगावं?

ममताले विचारलं. ती म्हणे, "मी काही पाहिलं नाही आई. मी सीरियल पाहत होती."

इरावती म्हणे नेट एका मीटरच्या तारेवरून दुसऱ्या मीटरच्या तारेवर जातच नाही. म्हटलं, म्हणजे मशीन खराब नाही. आपल्या घरात आलं अन् दोन दिवसात आपल्या घरासारखं वागायले लागलं!

२१ मे

आज मी चोरी केली. मजा आली.

इरावतीचं गणित असं — पहिला गुटका जर सुधाकरच्या घरी, त्यांच्या नेटच्या डब्याजवळ लावला, तर त्यांचं नेट त्यांच्याच तारेतून माझ्या खोलीत येईल. "पर मैं कैसे जाऊँ आजी? पापा को बुरा लगेगा."

"दे इकडे."

रणजित सिलतऱ्याले गेलेला. गुटका ओच्यात खोचला, निळी वायर पदराखाली, अन् रस्त्यानं वळसा घालून पलीकडच्या फाटकात. वनमालानं दार उघडलं. "बाई! आज कोणता सण?"

"सण नाही. तुझ्या नेटच्या डब्यात मले काहीतरी खोचायचं आहे."

ती दोन पावलं मागं सरकली. "फुटणार तर नाही ना वो, आई?"

"फुटलं तर मी पुढं आहे."

सुधाकर आत झोपला होता. नेटचा डबा फ्रिजच्या वर. गुटका भिंतीत बसवला. मंग वायर. डब्याच्या पाठीले चार भोकं, चारही सारखी. वनमाला म्हणे हे लाव, मी म्हणे ते. दोघी फ्रिजसमोर कुजबुजून राहिलो, जशा कोणाची तिजोरी फोडतो. मी एका भोकात घातली. मागून आवाज आला —

"आई, त्यात नको. पिवळ्या भोकात लाव."

सुधाकर. बनियनवर, डोळे चोळत. काय आहे, कायले आहे, कोणाचं आहे, काही विचारलं नाही. मी पिवळ्यात लावली. टक!

आंगणातल्या भिंतीवरून इरावतीची किंकाळी — "आजीऽऽ! हरा! हरा हो गया!" अख्ख्या मोहल्ल्यानं ऐकलं असेल.

सुधाकर चष्मा शोधायले आत गेला. चष्मा त्याच्या कपाळावर होता.

निघताना वनमाला फाटकापर्यंत आली. म्हणे, "दर उन्हाळ्यात मी यांना विचारते, आपण दोन माणसं, बिल एवढं काहून येते? हे म्हणतात, जुनं मीटर आहे, पळते. मंग एकदा सांगितलं. वाटणीच्या वेळी वायरमननं विचारलं होतं, ही मागची लाईन काटू का? हे म्हणाले, राहू दे. आई झोपते तिथं."

मी म्हटलं, "मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही तिकडे सांगितलं असतं."

खरं आहे. सांगितलं असतं!

घरी येताना वळसा लांब वाटला. ऊन होतं. डोळ्यात पाणी उन्हानं येते माझ्या, ऑपरेशन झाल्यापासून.

२२ मे

माझ्याच खाटेवर, माझ्याच खोलीत बसून बोलून राहिली. दार लावून. ममताची भाजी खारट होते. (हे हळू बोलली.)

रणजितनं तिन्ही दिवे हिरवे पाहिले अन् कमरेवर हात ठेवला. "पाहिलं? मी म्हटलं होतं ना, तार तापली की चालते!"

हव बाबा. तूच म्हटलं होतं.

२४ मे

आता इरावती दिवसभर माझ्या खोलीत बसते. आवाज नाही, धुमाल नाही, नेट तुटत नाही. मॅडम खूष. दाराजवळची बॅग माळ्यावर गेली. फक्त एक गडबड आहे. मी.

ती कोणाले तरी फोनात म्हणून राहिली होती, "आय ॲम सो सॉरी, आय ॲम सो सॉरी." मले वाटलं कोणाकडे काही वाईट झालं. विचारलं, "कोण गेलं वो?" पलीकडच्या माणसानं विचारलं, आपके पीछे कौन है? तिनं सांगितलं, मेरी सुपरवाइज़र.

तेव्हापासून ऑफिसच्या वेळेत मले आंगणात काढलं आहे. माझी खोली, माझा कूलर (आता पंख्याच्या बोर्डातून वायर काढून लावलेला), अन् सुपरवाइज़र बाहेर!

२५ मे

नवतपा लागला, उन्हाचे नऊ कडक दिवस. कावळेही सावलीतून उठत नाहीत.

अन् रणजितले आजच पुण्य करायचं सुचलं. जेवताना म्हणे, "आईच्या खोलीची तार फार जुनी आहे. एखाद दिवशी आग लागेल. नवीन लाईन टाकतो. दयाराम वायरमनले रविवारी बोलावलं आहे."

ममता ताटातलं मीठ बोटानं सरळ करत बसली.

इरावती म्हणे, "पापा, तीस तारीख के बाद करो ना."

"काहून? तो रविवारीच मोकळा आहे. अन् तुझ्याच कामासाठी तर करून राहिलो!"

आता काय बोलावं? पोट्टा चांगलंच करायले निघाला आहे, हीच तर पंचाईत!

२९ मे

दयाराम आला. माझ्या खोलीचा बोर्ड उघडला, आत पाहिलं, आंगणात जाऊन भिंत पाहिली. म्हणे, "भैया, ये लाइन तो आपकी तरफ से आई ही नहीं है."

"मंग कुठून आली?"

 ममता चहा ठेवायले पळाली. इरावती माझ्याकडे पाहून राहिली. म्हटलं आता लपवण्यात अर्थ नाही. सारं सांगितलं. मीटरचं, गुटक्याचं, पिवळ्या भोकाचं.

रणजितचं तोंड पडलं. मंग लाल झालं. दयारामले म्हणे, "काट. आत्ता काट!"

दयाराम म्हणे, "काट तो दूँगा. पर नई लाइन में चार-पाँच दिन लगेगा. दीवार छीलनी पड़ेगी, मिस्त्री सब शादी में गाँव गए हैं. तब तक ये कमरा बंद."

इरावती म्हणे, "पापा, कल मेरी चेकिंग है."

"माझ्या आईचा पंखा त्याच्या बिलावर फिरते, अन् मी चारचौघांत..." 

मी स्टूल ओढला अन् बोर्डाच्या खाली बसली. "घे, काट. आधी मले उचल."

दयारामनं चहा घेतला. फुंकून फुंकून प्यायला, घाई नाही काही. "भैया, काटना है कि नहीं? मुझे बीरगाँव भी जाना है."

रणजितनं त्याले उद्या सकाळी या म्हणून पाठवलं. जेवला नाही. फाटकाजवळ बसून राहिला. इरावतीनं बॅग पुन्हा माळ्यावरून काढली. यावेळी पुसली नाही, सरळ कपडे भरायले लागली.

दिवे लागल्यावर रणजित माझ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन बसला. वर पाहिलं, पंख्याकडे.

"तेव्हापासून?"

"वाटणीपासून."

"मले काहून नाही सांगितलं त्यानं?"

"तू बोलू दिलं का?"

 मंग अगदी हळू, जसा लहानपणी शाळेतून मार खाऊन आला की विचारायचा तसा — "माझ्याबद्दल काही म्हणे का?"

म्हटलं, नाही. खोटं काहून बोलू? काही म्हणाला असता तर बरं झालं असतं, हे मलेही वाटलं.

मान हलवली त्यानं. उठता उठता म्हणे, "आई माझ्याकडे राहते अन् वीज त्याची. हे नाही चालायचं. सकाळी काटतो. पोट्टी जाईल हैद्राबादले. पुष्कळ पोट्ट्या जातात." हे खाली फरशीकडे पाहून बोलला. एवढा फरशी पाहणारा माणूस नाही तो.

त्याच्या बोलण्यात पहिला शब्द आई आहे. वीज नंतर. तिथंच काही होते का पाहते.

३० मे

पान तेच आहे, जागा नवी. सुधाकरच्या घरातून बोलून राहिली.

आई तुझ्याकडे अन् वीज त्याची, हे चालत नाही ना? मंग आई उठली. ती खोली आता इरावतीची. कोणाच्या आईचा पंखा नाही तो, काटायचं कारण उरलं नाही. दयारामले फाटकातूनच बीरगाँवले पाठवलं. दोन लुगडी घेतली, गोळ्यांचा डबा घेतला, तुले घेतलं. रणजित म्हणे, "आई, असं काय करते?" म्हटलं, "मले बोलून थांबवशील तर पोट्टी जाईल. दोघींतली एक ठेव."

खाट मात्र मले लागते, माझीच. एकट्यानं उचलत नाही ती. एक बाजू रणजितनं धरली, रस्त्यानं फरफटत आणली. फाटकात दुसरी बाजू धरायले सुधाकर बाहेर आला. दोघंही खाटेकडेच पाहत होते. "तिरपी घे, दारात अडकते" — एवढंच कोणीतरी बोललं. कोण, ते मी पाहिलं नाही. मुद्दाम नाही पाहिलं. पण दुसरा म्हणाला, "हव."

भिंतीतून इरावतीची इंग्रजी ऐकू येत नाही. यांनीच बांधली आहे भिंत. पण गुटका हिरवा आहे, सकाळपासून. मी फ्रिजसमोर खुर्ची टाकूनच बसली आहे. खुर्चीत झोप नाही यायची, तशी रात्री खाटेवरही येईल की नाही देव जाणे.

आता उठते अन् भिंतीवरून ममताले आवाज देते. संध्याकाळी गोळाभात पाठवजो म्हणा. बेसनाचे गोळे नरम ठेव, सुधाकरनं नवी बत्तीशी बसवली आहे. मीठ बेतानं घाल. अन् वाटी-बिटीत नको, मोठ्या गंजात, पातेल्यात पाठव, भरून. रणजितच्याच हातानं पाठव. वनमाला कोणाचा गंज रिकामा परत करत नाही.